पडवीतल्या जावाची चाकं आणि ब्रेक : घरी किती करावं, बाहेर काय द्यावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांची १९७१ सालची जावा २५० मोटारसायकल, मालवणजवळच्या घरी पडवीत ताडपत्रीखाली १४ वर्षं उभी. इंजिन किकला फिरतंय. मागचं चाक जाम आहे, पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडीला काही फरक पडत नाही, रिमला पापुद्रे सुटलेत. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही चाकं भंगारात टाका, नवीन बसवा. तुम्हाला हे काम घरीच करायचंय आणि गणपतीत वडिलांना मागे बसवून एक फेरी मारून आणायची आहे. होईल का?

होईल. फक्त ‘घरीच’ या शब्दात थोडी तडजोड करावी लागेल. बराचसा भाग पडवीत पाटावर बसून होतो. दोन कामं बाहेर द्यावीच लागतात. त्यातलं एक मी घरी करायला गेलो आणि तोंडावर आपटलो, तेही पुढे सांगतो.

मी रत्नागिरीत मिरकरवाड्याला मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. जुन्या मोटारसायकली हा रविवारचा उद्योग. घरची जावा, मित्रांच्या दोन येझदी, एक बुलेट, एक राजदूत एवढ्या गाड्या या हातांखालून गेल्यात. म्हणजे फार नाहीत, पण सगळ्या समुद्राच्या हवेतल्या, आणि तुमच्या कामात तोच मुद्दा आहे.

आपल्याकडचा गंज देशावरच्या गंजासारखा वागत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते आठवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. वाऱ्याबरोबर आलेला खार रिमवर, स्पोकवर, ड्रमच्या (चाकाच्या मध्यातलं ब्रेकचं गोल भांडं) फटीत बसलेला असतो. पाऊस नसला, तरी पहाटेच्या दमट हवेत तो ओला होतो, दुपारी सुकतो, परत ओला होतो. बाहेरचा खार पावसाने थोडा तरी धुऊन जातो, आतला मात्र कुणीच धूत नाही. म्हणून इथली रिम वरून पुसली की चकाकते, आणि टायर उतरवला की आत लाल चिखल निघतो. ताडपत्रीने तर गाडी पुरती वाफवलेली असणार. खालून जमिनीची ओल, वरून प्लास्टिक. उघड्या पडवीत नुसती धूळ खात उभी असती तर यापेक्षा बरी राहिली असती.

तेव्हा गंज घालवणं ही तुमच्यापुढची लहान अडचण. मोठी अडचण अशी की हे चाक माणूस बसवून चालवण्याइतकं भरवशाचं उरलंय का, हे बाहेरून कळत नाही. ते उघडूनच ठरवायचं. घर खाडीच्या तोंडावर आहे की आत वाडीत, गाडी स्टँडवर होती की टायरवर टेकलेली, आधी ड्रममध्ये कधी पाणी गेलं होतं का, यावर उत्तर बदलतं. रिम वाचेल की नाही हे फोटो बघून सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, मी सांगितलं तरी.

आधी चाक बाहेर काढणं. जावाची एक सोय बुलेटवाल्यांना आजही झोंबते : मागचं चाक काढताना चेन आणि स्प्रॉकेट चेनकेससकट जागेवर राहतात, हातात फक्त चाक येतं. पण ब्रेक जाम असताना स्पिंडल, म्हणजे चाकाचा आस, काढून चाक उपटायला गेलात तर ब्रेक प्लेट (ड्रमचं झाकण) तुटेल. लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, ड्रमला गंजाने चिकटलेले आहेत, दुसरं काही नाही. ब्रेक रॉडचा नट पूर्ण मोकळा करा. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून कॅमच्या (ब्रेक आतून फाकवणारा तुकडा) दांड्याच्या मुळाशी सोडा आणि दोन दिवस विसरा. मग कॅमचा लिव्हर हातोडीने नाही, पान्याने पुढे-मागे हलवा, आणि चाक हाताने थोडं इकडे, थोडं तिकडे. एकदा ‘कट्’ असा आवाज येतो आणि चाक सुटतं. तेल लायनरला लागलं तर लागू दे, ते लायनर तसेही परत वापरायचे नाहीत.

प्लेट उघडली की आत राखाडी भुकटी दिसेल. तिच्यावर फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. त्या काळातल्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि त्याचे तंतू एकदा फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. नाकाला चांगला मास्क लावा, साबणाच्या पाण्याने सगळं भिजवा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा.

आता रिम. टायर-ट्यूब-पट्टी काढून आतली बाजू बघा. टोकदार सुया किंवा घासून टोक काढलेला जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि तीन ठिकाणी दाबून बघा : निपलच्या (स्पोकच्या टोकाचा लहान नट) भोकांभोवती, व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, आणि रिमचा जिथे सांधा आहे तिथे. टोक आत रुतलं किंवा पत्रा पापडासारखा मोडला, तर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे, ती रिम गेली. खड्डे आहेत पण टोक ठणकन थांबतं, तर रिम राहील. टायरची कड जिथे बसते ती धारही हाताने चाचपा. तिथे पापुद्रे असले तर ते ट्यूब कापतात.

गॅरेजवाल्याला मी पूर्ण चुकीचं म्हणणार नाही. त्याला एका चाकावर दोन रविवार घालवायला परवडत नाही. पण ‘नवीन बसवा’ यात एक गोम आहे. क्रोमचा थर अगदी पातळ आणि सूक्ष्म भेगांचा असतो. लोखंडाला खरं राखतं ते त्याखालचं निकेल. निकेलमध्ये काटकसर केलेली स्वस्त रिम दुकानात आरशासारखी दिसते आणि आपल्याकडच्या एका पावसात तिला लाल ठिपके येतात. तुमची जुनी रिम आतून धड निघाली तर मी ती ठेवेन. वरचं क्रोम थोडं ठिपकेदार राहिलं म्हणून काय झालं, वडिलांची गाडी आहे, वडिलांसारखीच दिसेल.

सफाईत घाई करून ग्राइंडर लावू नका. बाहेरच्या क्रोमला साबणाचं पाणी आणि चपाती गुंडाळायचा चांदीचा कागद चुरगाळून घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि चरे पडत नाहीत. आतल्या बाजूला तारेचा ब्रश, आणि मग लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम पुरतं. त्यात भिजवलेलं फडकं गंजावर तासभर ठेवा, घासा, परत ठेवा. गंज काळा पडून सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. थांबलात तर तासाभरात नवा तांबूस थर दिसेल.

इथे एक गंमत. शेजारच्या काकांनी मला एकदा सांगितलं की आमसुलाच्या आगळाने तांब्याची घागर लख्ख होते, तर रिम का नाही? मी ऐकलं. आगळ आंबट असतंच, पण टिकावं म्हणून त्यात मीठ घातलेलं असतं. दुसऱ्या दिवशी रिम आधीपेक्षा लाल. तेव्हा आगळ सोलकढीलाच ठेवा.

कोणी तुम्हाला बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून गंज काढायची युक्ती सांगेल. ती स्पिंडल, लिव्हर, नट यांसाठी उत्तम आहे, मीही वापरतो. पण त्यात हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, टाकू नका, कारण तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि सोडा त्याला खातो. क्रोम केलेला भागही नको, आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा तुकडा तर कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो.

रिम आतून स्वच्छ झाली की बोटीला लावतात तो दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात. हा प्रायमर दमट हवेत नीट धरत नाही, वर चिकट राहतो. पाऊस चालू असेल तर बंद खोलीत जुन्या पिवळ्या बल्बखाली रिम आधी कोमट करा, मग लावा, आणि रात्रभर बल्ब तसाच राहू दे. निपलच्या भोकांच्या कडांनाही ब्रशने लावायला विसरू नका, गंज तिथूनच सुरू होतो.

स्पोक उघडायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, दोन्ही बाजूंनी फोटो. दोन, हबच्या कडेवर सरळ पट्टी आडवी धरून तिथून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. मी खडूने पडवीच्या खांबावर लिहितो, कागद हरवतात. हे माप नसेल तर नवीन स्पोक घातलेलं चाक एकदम सरळ फिरेल आणि तरीही फोर्कच्या मधोमध बसणार नाही.

तुमचे निपल बहुतेक स्पोकला गंजून चिकटले असतील. डिझेल-ऑइलने सुटले तर ठीक. नाहीतर स्पोक कापा, पण एका बाजूचे सगळे आधी कापू नका. ताण एकीकडे उरला की रिम पिळते. समोरासमोरचे, दोन्ही बाजूंचे, असे आलटून-पालटून कापत जा. दोन्ही जातींचे, म्हणजे आतून येणारे आणि बाहेरून येणारे, दोन-दोन स्पोक नमुन्याला अख्खे ठेवा. त्यांची लांबी आणि मानेची वाकण वेगळी असू शकते. दुकानदाराला गाडीचं नाव सांगून आणलेल्या स्पोकपेक्षा नमुना दाखवून आणलेले स्पोक बसतात.

नवीन स्पोक स्टेनलेसचे घ्या आणि निपल निकेल चढवलेले पितळी. स्टेनलेसवर स्टेनलेसचे निपल आटे घट्ट धरतात आणि आवळताना जागीच अडकतात. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, म्हणून हबच्या प्रत्येक भोकात ग्रीसचं बोट फिरवा. जुने स्पोक क्रोम करून घेण्याचा मोह मात्र आवरा. त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि स्पोक ठिसूळ होतो. लगेच नीट भाजून तो काढला नाही, तर स्पोक खड्ड्यातच नाही, उभ्या गाडीतही तुटतो.

३६ स्पोक भरणं बघायला जादू वाटतं, पण त्यात शिवणकामाएवढंच डोकं लागतं. आधी हबच्या आतल्या बाजूने येणारे सगळे स्पोक, फोटोतल्या भोकांत, निपल फक्त चार आटे. मग बाहेरून येणारे, पहिल्यांच्या वरून-खालून फोटोत आहेत तसे ओढून. सगळे बसेपर्यंत एकही आवळू नका. मग निपलच्या तोंडाशी आट्यांची एक-एक ओळ दिसेनाशी होईपर्यंत सगळे सारखे फिरवा. इथून पुढे आउट, म्हणजे फिरताना रिम डोलते ती, काढायची.

त्यासाठी स्टँड लागत नाही. फोर्कमध्येच चाक टांगा, फोर्कच्या पायाला तारेचा तुकडा बांधून त्याचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हळू फिरवा. आधी वर-खालची आउट, मग बाजूची. उलट केलंत तर एक दुरुस्त करताना दुसरी बिघडते. बाजूची आउट काढताना जिथे रिम तारेजवळ येते तिथे आधी तारेकडच्या बाजूचा एक स्पोक ढिला करा, मग समोरच्या बाजूचा तेवढाच आवळा. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. मी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आलो की थांबतो. एक मिलिमीटरच्या आत असली तरी गाडी चालवताना कळत नाही. शेवटी लहान पान्याने प्रत्येक स्पोकवर टिचकी मारा. सगळ्यांचा आवाज साधारण एका पट्टीत ‘टिण्ण’ हवा, एखादा ‘थड’ बोलला की तो ढिला. निपलच्या बाहेर आलेली स्पोकची टोकं कानशीने सपाट करा, नवीन रबरी पट्टी घाला.

आता ज्या भागात लोक घाई करतात, तो. ड्रम.

जावाचा हब अ‍ॅल्युमिनियमचा आणि आत ओतीव लोखंडाचं कडं. चौदा वर्षं लायनर एका जागी टेकून होते, त्या जागी गंजाचे दोन चंद्रकोरीसारखे डाग असतील. पॉलिश पेपरने ते निघतात असं वाटतं, पण खड्डा राहतोच. शिवाय नवीन स्पोक आवळताना ते हबला ३६ बाजूंनी ओढतात आणि ड्रम केसभर लंबगोल होतो. तो घरी ओळखायचा असा : ब्रेक इतकाच आवळा की लायनर जेमतेम लागेल, चाक फिरवा आणि कान द्या. सलग ‘सूंऽऽ’ आला तर ड्रम गोल आहे. एका फेऱ्यात एकदा किंवा दोनदाच ‘सुप्... सुप्’ आला तर गोल नाही.

म्हणून ड्रम लेथवर तासून घ्यायचा, आणि तोही आउट काढून झाल्यावर, पूर्ण चाक बांधलेलं असताना. नुसता हब नेऊन तासलात आणि मग स्पोक भरले, तर सगळं परत लंबगोल. यात अडचण अशी की १६ इंची रिम बाहेरून सव्वाचारशे मिलिमीटरहून जास्त भरते, आणि एवढं चाक गल्लीतल्या लहान लेथवर फिरत नाही, बेडला आपटतं. आधी फोन करून लेथचा स्विंग, म्हणजे त्यावर किती मोठी वस्तू फिरू शकते ते, विचारा. जवळ सोय नसेल तर कोल्हापूरला उद्यमनगरात मिळेल, माझी दोन चाकं आंबा घाटातून एसटीच्या टपावर बसून तिकडे गेली आहेत. टर्नरला सांगा : गंजाचा डाग जेमतेम जाईल एवढंच, प्रत्येक कटाला दशांश मिलिमीटरच्या हिशोबाने. मूळ व्यास १६० मिलिमीटर. तो १ मिलिमीटरहून जास्त वाढायला लागला तर मी थांबायला सांगतो आणि हबमध्ये नवीन कडं घालायचा विचार करतो.

दुसरं बाहेरचं काम लायनर चढवण्याचं, आणि इथे माझी फजिती. २० वर्षांपूर्वी मला वाटलं, जुने शू (लायनर ज्यावर चढतात ते अर्धगोल तुकडे) चांगले आहेत, लायनरचा पट्टा विकत मिळतो, दोन ट्यूबवाला गोंद घरात आहे, शिकंजे आहेत. रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी हातोडीने ठोकून बघितलं, दगडासारखं. आरे-वारेच्या उतारावर तिसऱ्या वळणाला मागून एक ‘खडक्’ आणि चाक जागच्या जागी बंद. पट्टा सुटून शू आणि ड्रमच्या मध्ये पाचरीसारखा बसला होता. वेग कमी होता म्हणून मी रस्त्याच्या आतल्या बाजूला पडलो, समुद्राच्या नाही. घरगुती गोंद उतारावरच्या ड्रमच्या उष्णतेत मऊ पडतो. लायनरचा गोंद वेगळा असतो आणि तो दाबून भट्टीत पकवावा लागतो. तेव्हापासून शू स्वच्छ करून देतो आणि घेतो. रिव्हेट मारून मिळाले तर आणखी बरं, पण रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागापासून चांगलं खोल बसलेलं हवं. तयार नवे शू घेतलेत तरी नखाने किंवा नाण्याने लायनरवर सगळीकडे टकटक करा. पोकळ आवाज आला तर परत द्या. पॅकेटात वर्षानुवर्षं दमट दुकानात पडलेला मालही गोंदाखाली गंजतो.

शू बसवले की काम संपलं असं वाटतं, आणि तिथेच ‘जावाचा ब्रेक असाच असतो’ हे वाक्य जन्माला येतं. तो असा नसतो.

या ब्रेकमध्ये एक कॅम आणि दोन शू असतात. चाक फिरतं त्या दिशेने ज्याचं कॅमकडचं टोक आधी येतं तो शू ड्रममध्ये आपोआप ओढला जातो, बरंचसं काम तोच करतो. दुसरा ढकलला जातो आणि नावापुरता मदत करतो. म्हणजे पहिल्या शूचा लायनर ड्रमला किती जागेवर टेकतो यावर सगळं अवलंबून. तासलेला ड्रम थोडा मोठा झालेला असतो, नवा लायनर थोड्या लहान गोलाईचा, त्यामुळे तो फक्त मधोमध टेकतो. ड्रमला आतून खडू फासा, चाक घाला, ब्रेक हलका लावून एक फेरा फिरवा, परत उघडा. पांढरा डाग जिथे, तिथेच लायनर टेकतोय. तो डाग सपाट कानशीने थोडा घासा, भुकटी परत ओल्या फडक्याने, परत खडू. माझ्या जावाला हे सात वेळा करावं लागलं. टोकापासून टोकापर्यंत डाग पसरला की थांबा. दोन्ही टोकांना थोडी तिरकी धार द्या, म्हणजे ब्रेक एकदम पकडून किंचाळणार नाही.

कॅमचा दांडा प्लेटमधून काढून, भोक आणि दांडा स्वच्छ करून, उष्णतेला टिकणारं ग्रीस अगदी पातळ लावा. जास्त लावलंत तर ते वितळून लायनरवर येतं. ग्रीस प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत कामाला येतो हा समज सोडा, दोन ब्रेक बरे लागतात आणि तेल पुन्हा वर येतं. स्प्रिंगा नवीनच. त्यांचा आकडा गंजून तुटला की मोकळं टोक ड्रममध्येच फिरतं.

मग कॅमच्या लिव्हरचा कोन. ब्रेक पूर्ण लागलेला असताना लिव्हर आणि केबल यांच्यात काटकोन हवा, तेव्हा हाताचा जोर पुरा पोहोचतो. तुमचा लिव्हर हँडलला टेकतो त्याचं अर्धं कारण इथेच असणार : लायनर झिजत गेले तसतसं कोणीतरी केबलच आवळत गेलं आणि कोन उघडून गेला. लिव्हर दांड्याच्या खाचांवरून काढून एक-दोन खाचा मागे बसवा.

शेवटची युक्ती फुकटची आहे आणि फार कमी गॅरेजात करतात. चाक बसवल्यावर स्पिंडलचा नट पूर्ण आवळू नका. चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. त्या अवस्थेत दुसऱ्याकडून नट आवळून घ्या. प्लेट शूंच्या जोरावर ड्रमच्या मध्यावर येते आणि तिथेच पक्की होते. लिव्हरचा लिबलिबीतपणा याने एकदम कमी झालेला जाणवतो. आणि आवळण्याआधी प्लेटला फिरण्यापासून रोखणारा अँकर जागेवर बसलाय ना, हे डोळ्यांनी बघा. तो सुटला तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळते आणि पुढचं सांगायला नको.

उरलेलं थोडक्यात. बेअरिंग काढायला हब ठोकत बसू नका, चुलीवरच्या भाकरीच्या तव्यावर ठेवा. वर टाकलेला पाण्याचा थेंब चरचरला की बेअरिंग लाकडाच्या ठोक्याने निघतं. त्याच्या कडेवर नंबर असतो, तोच नंबर आणि पुढे दोन्ही बाजूंना रबरी सील, म्हणजे टूआरएस, असं मागा. बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोका, आणि दोन बेअरिंगांच्या मधली नळी विसरू नका. ती राहिली तर नट आवळताच दोन्ही बेअरिंग आडवी दाबली जातात आणि आठवड्यात मरतात. केबल आतून नायलॉनवाली नवीन घ्या. मागचं चाक आणि स्प्रॉकेट यांच्यातले रबर कडक झाले असतील तर तेही. टायर ३.२५-१६. दुकानात टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का बघा, १०१९ म्हणजे २०१९ सालचा दहावा आठवडा. जुन्या मापाचे टायर दुकानातच म्हातारे होतात. ट्यूब आणि पट्टी नवीनच.

म्हणजे हिशोब असा झाला : उघडणं, सफाई, प्रायमर, स्पोक, आउट, बेअरिंग, शू बसवणं हे घरी. ड्रम तासणं आणि लायनर चढवणं बाहेर. क्रम मोडू नका, आउट आधी, तासणं नंतर, शू घासणं त्याच्याही नंतर.

गणपतीचं म्हणाल तर रोज संध्याकाळी दोन तास दिलेत तर तुमच्या हाताचं काम तीन आठवड्यांचं आहे. वेळ खातात ती बाहेरची कामं, कारण सणाच्या तोंडावर टर्नरही गावाला जातो. म्हणून लायनरचे शू पहिल्याच आठवड्यात देऊन टाका आणि लेथवाल्याची तारीख आत्ताच घेऊन ठेवा. वेळ कमी पडला तर एकच चाक आधी पूर्ण करा असा विचार करू नका, दोन्ही झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नाही.

नवे लायनर लगेच पकडत नाहीत. वाडीतल्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर तीसेक वेळा हलका ब्रेक लावा आणि मध्ये गार होऊ द्या. दाबून धरत ओढत नेलंत तर लायनर वरून भाजून काचेसारखा गुळगुळीत होतो. नंतर ड्रमवर हात न टेकता जवळ धरून बघा. ब्रेक न लावताही एक चाक तापत असेल तर ते अडकतंय. वडिलांना बसवण्याआधी एकट्याने, आणि उतारावर सगळ्यात शेवटी. पऱ्ह्यातून किंवा रस्त्यावरच्या पाण्यातून गेलात तर पुढचे काही ब्रेक मेलेलेच समजा. लायनर हलके टेकवून थोडं अंतर चाललात की सुकतात.

आणि आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. तुमची मुदत गाडी उभी असतानाच संपलेली असणार. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे, पण तशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. तुम्हाला वडिलांना अधूनमधून बाजारात न्यायचं असेल तर साध्या नूतनीकरणाचीच चौकशी करा. तपासणीला ब्रेक बघतातच.

आज संध्याकाळी मात्र एकच काम करा. ती ताडपत्री काढा, चाकांवर गोड्या पाण्याची एक बादली सावकाश ओता, कोरड्या फडक्याने पुसा आणि मागच्या कॅमच्या मुळाशी ते डिझेल-ऑइल सोडून ठेवा. रविवारी पान्याने हलवून बघा आणि चाक सुटलं की आतल्या ड्रमचा फोटो टाका.